दोऱ्याचं दुसरं टोक

सुकदेवआप्पा गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस इंजिनला देव मानतो. एकाने तसं विचारलंही. आप्पा म्हणाले, “देव राहू दे भो. चप्पलमझार पाय बहिरा व्हई जास. मंग इंजिन काय बोलस ते समजत नही.”

गाडी चालू करून ते ओट्यावर अनवाणी उभे राहायचे, डोळे मिटून. सिमेंटमधून इंजिनाची थरथर त्यांच्या तळपायाला यायची. थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि मग हात पुढे करायचे. त्या हातात कुठला पाना द्यायचा ते युनूसभाईंना न सांगता कळायचं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की आप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “गाडीले घाई नही ऱ्हास. गाडीवालाले ऱ्हास.”

आप्पांचं दुकान तळोद्याला, अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पत्र्याची शेड, पुढे ओटा, बाजूला कडुनिंब. गाड्यांना एसी बसवायचे आणि दुरुस्त करायचे, एवढंच काम. आप्पा, युनूसभाई आणि मी. युनूसभाई चाळिशीतले, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. मी झाडायला, भांडी घासायला आणि चहा करायला होते.

त्याआधी मी मिरचीचे देठ खुडायला जायची. रात्री भाकरीच्या पिठात हात घातला तरी बोटांची आग जायची नाही. माझे मालक गुजरातला कारखान्यात, सणावाराला यायचे. आप्पांच्या दुकानात बाई पाहिजे असं कळलं म्हणून गेले आणि दारातच उभी राहिले. बोलायची मला लहानपणापासून भीती. आप्पांनीच विचारलं, “माहेर कोनतं?”

“ब्राह्मणपुरी.”

“आरे! मंग तू ते मन्हा गावनी आंडेर!”

आंडेर म्हणजे लेक. आप्पाही ब्राह्मणपुरीचेच निघाले. पुढे काही विचारलं नाही. मी कामाला लागले.

पहिल्या दिवशी चहा दिला तर आप्पांनी कप हातात घेतलाच नाही. मला वाटलं, काही चुकलं. ते खिसे चाचपत होते. खिशातून चार शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या, मग कप घेतला. “गावनी लेकना हातनं फुकट पेवाले नही पाहिजे,” म्हणाले. मला वाटलं, पहिला दिवस म्हणून असेल. पण नऊ वर्षं हा माणूस माझ्या हातचा एकही चहा काही दिल्याशिवाय प्याला नाही. शेंगा, पेरू, लिंबू, लिमलेटची गोळी. एकदा खिशात काहीच नव्हतं तर पितळी वायसर दिला. वायसर म्हणजे बोल्टखाली घालायची चकती. युनूसभाई म्हणाले, “सिंधूताई, सांभाळी ठेवा. दहा जमनात का आप्पा ट्रक देतीन.”

आप्पा कोणाला शिकवायला बसायचे नाहीत, पण गिऱ्हाईक समोर असलं की बोलायचे. लोक म्हणायचे, “आप्पा, एकदम थंडी करून द्या.” त्यावर त्यांचं उत्तर, “थंडी कोनी बनाडत नही भो. आपुन गाडीमझारनी गरमी भायेर काढतस. थंडी मंग आपोआप येस.” ते मला फार आवडायचं. घरी भांडण झालं, मन तापलं, की मला ते आठवायचं.

एवढ्या गाड्या गार केल्या, पण आप्पांना एसी सोसायचा नाही. गाडी तयार झाली की आत बसून पाहावं तर लागायचं. मग ते टॉवेल कानावरून गुंडाळून, हनुवटीखाली गाठ मारून बसायचे. बाहेर आम्ही घामाने भिजलेले आणि आत आप्पा पौष महिन्यात बसल्यासारखे. युनूसभाई काचेवर टकटक करून विचारायचे, “आप्पा, शेकोटी करू का?”

आता दोऱ्याचं सांगते.

एसीचा गॅस दाबायला कॉम्प्रेसर असतो. दिसायला लहान, पण उचलला की खांदा खाली ओढतो. त्याला स्वतःचं बळ नाही. इंजिनची पुली फिरते, तिच्यावरून पट्टा येतो आणि तो पट्टा कॉम्प्रेसरची पुली फिरवतो. ज्या गाडीला कंपनीतून एसी आलेला नाही, तिच्या इंजिनवर कॉम्प्रेसर बसवायला लोखंडी ब्रॅकेट करून घ्यावा लागतो. सगळी गोम तिथे असते. ब्रॅकेट थोडा जरी कलला तरी दोन्ही पुल्या एका रेषेत येत नाहीत. मग पट्टा एका बाजूने घासत राहतो आणि एक दिवस तुटतो.

रेष पाहायची आप्पांची रीत म्हणजे पांढरा शिवणाचा दोरा. तो दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणायचा. चार ठिकाणी टेकला पाहिजे, दोन इकडच्या पुलीवर, दोन तिकडच्या. एका ठिकाणी जरी उजेड दिसला तरी बोल्ट सोडायचा, वायसर घालायचा, पुन्हा दोरा. वायसर त्यांनी सायकलच्या तारेत ओवून ठेवले होते, जाडीप्रमाणे.

मला ते पाहायला फार आवडायचं, त्याला कारण होतं. माझ्या वडिलांची पपईची लावण असायची. या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी ताणायची आणि दोरीवर खड्डे घ्यायचे. एक टोक वडिलांकडे, दुसरं माझ्याकडे. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात लावण होती. टोक धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पुढे शाळेत गेलेच नाही. शेतात एवढ्या लांब ओरडावं लागू नये म्हणून वडिलांनी खूण ठरवली होती. दोरी सरळ असली तर एक हिसका, वाकडी असली तर दोन. त्यामुळे न बोलता माझं काम व्हायचं, आणि डोळ्यांना सरळ काय नि वाकडं काय ते चटकन कळायला लागलं.

मी दुकानात लागून वर्ष झालं असेल. मोलगीकडचे जयसिंगदादा आपली जीप घेऊन आले. डोंगरातल्या गावांना भाडं मारायची जुनी जीप. त्यांच्या बापाला दम्याचा त्रास, औषधाला नंदुरबारला आणावं लागायचं. कच्च्या रस्त्याची धूळ आत येऊन म्हातारा अर्ध्या वाटेत गुदमरायचा. काचा लावल्या तर उकाड्याने गुदमरायचा. म्हणून जयसिंगदादांना एसी पाहिजे होता. “शौक नाही आप्पा,” ते म्हणाले, “बापाला श्वास पाहिजे.”

तीन दिवस काम चाललं. पुढे जाळी बसली, आत कॉइल बसली, ब्रॅकेट जोडून आला, कॉम्प्रेसर चढला. आप्पांनी दोरा ताणला. मी चहा घेऊन बाजूला उभी होते. कॉम्प्रेसरच्या पुलीच्या बाहेरच्या कडेला दोऱ्याखाली उजेड होता. ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढा. मला तो स्पष्ट दिसला.

आप्पा वाकले, पाहिलं आणि म्हणाले, “बराबर शे. कस रे युनूस.”

मला वाटलं, आपल्यालाच चुकीचं दिसलं असेल. इतकी वर्षं काम केलेला माणूस बरोबर आहे म्हणतो, आणि मी कोण? चहावाली. सगळे जमलेत, जयसिंगदादा उभे आहेत. जीभ उचललीच नाही. युनूसभाईंनी बोल्ट कसले. आप्पांनी माझ्या हातावर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवल्या आणि चहा घेतला. त्या दिवशी त्या गोळ्या मी खाल्ल्या नाहीत.

आठ दिवसांनी जयसिंगदादा आले, दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून. घाटात पट्टा तुटला होता. त्याचा तुकडा पंख्यात गेला, दुसरा पट्टाही उतरला, पाणी फिरायचं थांबलं आणि इंजिन उकळलं. गाडीत बाप होता. वैशाखातल्या उन्हात म्हातारा मोहाच्या झाडाखाली दोन तास पडून होता, मागची गाडी येईपर्यंत. आता नंदुरबारला दवाखान्यात होता.

जयसिंगदादा सरळ युनूसभाईंच्या अंगावर गेले. “बोल्ट तू कसला होतास ना? हाताला काय मेंदी लावली होती? माझा बाप गेला असता म्हणजे?”

युनूसभाई खाली बघत हातातला पाना पुसत राहिले. मी आत भांड्यांपाशी होते. हातातला पेला तसाच.

आप्पा मधे आले. “त्यानावर नको चिडू, जयसिंग. बोल्ट त्यानी कसात, पन ‘कस’ म्हनीसन मी सांगं. चूक मन्ही शे. गाडी ओढीसन आन. सगळं परत करसु.”

जयसिंगदादा गेले. युनूसभाई दुपारचं जेवायला घरी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापाशी गेले आणि माझ्या तोंडातून कसंबसं निघालं, “आप्पा, माले दिसनं व्हतं.”

“काय?”

“दोराखाल उजेड. त्या दिन.”

मला वाटलं, आता काम गेलं. आणि जावंच, असंही वाटलं.  आप्पांनी माझ्याकडे तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तेव्हा मला पहिल्यांदा ते लक्षात आलं.

“तुले दिसनं, नि तू बोलनी नही,” ते म्हणाले. “माले दिसनं नही, नि मी बोलनू, बराबर शे म्हनीसन. आते तूच सांग माय, जास्ती कोन चुकनं?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते टिकवायचं, गेलेलं येणार नाही. मोठं सगळं दिसायचं. बारीक गोष्टी दिसेनाशा झाल्या होत्या, आणि दोरा सगळ्यात आधी गेला होता. वर्षभर ते सवयीने दोरा ताणत होते आणि हाताच्या अंदाजाने बरोबर म्हणत होते. घरी माहीत नव्हतं. युनूसभाईंना माहीत नाही असं त्यांना वाटत होतं. गाड्यांचे लोक आप्पांच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून येतात, हे कळलं तर दुकान राहील का, ही भीती त्यांना खात होती. एवढा माणूस, पण भीती माझ्यासारखीच. बोलायची.

मी म्हटलं, “मी कोनले नही सांगाव.”

“ते नको सांगू,” आप्पा म्हणाले. “पन दोरा सांगशी का?”

जीप ओढून आणली. सगळं खोलून पुन्हा बसवलं. या वेळी आप्पांनी दोऱ्याचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. युनूसभाई बघतच राहिले. मी वाकून पाहिलं. उजेड होता. सवयीने मी दोन हिसके दिले.

“हे काय?” आप्पा म्हणाले.

मी हळूच वडिलांची खूण सांगितली. आप्पा हसले. “आठे काही पपई लावनी नही शे. तोंडथून बोल. युनूसले ऐकू जावाले पाहिजे.”

“बराबर नही,” मी म्हटलं.

“कोनी तरी बोलनं का? मच्छर व्हता का?”

“बराबर नही!”

युनूसभाईंनी बोल्ट सोडला. वर पाहून म्हणाले, “या अल्ला, वाल्व उघडना! वरीसभर वाटे, ताईनी टाकीमा गॅसच नही.”

एक वायसर, मग दुसरा बारीक. तिसऱ्या वेळी दोरा चारही ठिकाणी टेकला. मी “बराबर शे” म्हटलं. त्या दिवसापासून दुकानात कायदा झाला. बोल्टाला कोणीही हात लावला तर सिंधू बोलल्याशिवाय गाडी ओट्यावरून उतरणार नाही.

जयसिंगदादांचा बाप दवाखान्यातून सुटला, त्याला घरी सोडायला जीप जाणार होती. आप्पा म्हणाले, मी घाटापर्यंत येतो. आणि मला म्हणाले, तूही चल. एसीच्या गाडीत मी तोपर्यंत बसले नव्हते. पुढे आप्पा, कानाला टॉवेल. मागे मी आणि म्हातारा. तो खिडकीच्या काचेला बोट लावून बघत होता. बाहेर पुढच्या गाडीची धूळ लाल भिंतीसारखी उठली होती आणि आत काही नव्हतं. तो काहीतरी त्यांच्या बोलीत बोलला. मी जयसिंगदादांकडे पाहिलं.

“म्हणतो, धूळ दिसते पण येत नाही,” जयसिंगदादा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “झोपला वाटतं.”

त्या मोहाच्या झाडापाशी आप्पांनी गाडी थांबवायला लावली. चपला गाडीतच काढून उतरले. बॉनेट उघडलं, इंजिन बंद करून पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. पट्टा घासत असला की काळी पूड पडते आणि तिला जळका वास असतो. बोट माझ्यापुढे धरलं. स्वच्छ होतं. तेवढ्यासाठी तीस-पस्तीस किलोमीटर आले होते. तापलेल्या रस्त्यावर अनवाणी उभे होते आणि तोंडावर असं समाधान, जणू त्यांचाच बाप आत झोपला आहे. परत आम्ही एका भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने आलो.

आता सगळ्यांसमोर बोलणं सोपं झालं असं नाही. घरच्यासारख्या दोघांत बोलणं वेगळं. एकदा बाजारातले एक कापडवाले शेठ आले. त्यांच्या गाडीचा कॉम्प्रेसर बदलायचा होता आणि त्यांना दुपारी सुरतेला लग्नाला पोचायचं होतं. गाडीत बायकामंडळी नटून बसलेली. शेठ घड्याळ बघत ओट्यावर फेऱ्या मारत होते. युनूसभाईंनी कॉम्प्रेसर चढवला, आप्पांनी दोरा ताणला, मी वाकले. एका कडेला उजेड होता. अगदी केसाएवढा.

“काय व माय?” आप्पांनी विचारलं.

शेठ माझ्याकडे बघत होते. गाडीतल्या बायका बघत होत्या. त्यांच्या अंगावर जरीच्या साड्या, माझ्या हातात झाडू. मी पुटपुटले, “बराबर नही.”

“ऐकू उनं नही,” आप्पा म्हणाले.

शेठ म्हणाले, “अरे आप्पा, चालतं एवढं. मुहूर्त निघून जाईल. आणि तुम्ही बघा ना, झाडूवालीला काय विचारता?”

आप्पांनी दोरा सोडला नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, वळून पाहिलंही नाही. “शेठ, तुमी दुकानमा कापड मोजतस, तव्हय माप कोनले इचारतस? मीटरलेच ना? आमना आठला मीटर हाई शे. बोल माय. जोरमा बोल.”

“बराबर नही,” मी म्हटलं. या वेळी गाडीतल्या बायकांनाही ऐकू गेलं. “बाहेरनी बाजूले एक पातळ वायसर लागी.”

वायसर लागला. पाऊण तास गेला. शेठ तोंड फुगवून निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस मिठाईचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, “मीटरबाई कोण? त्यांना द्यायला सांगितलंय.” युनूसभाईंना ते नाव फार आवडलं. तेव्हापासून आजही ते मला मीटरबाई म्हणतात, आणि नवीन ड्रायव्हर लोकांना वाटतं तेच माझं आडनाव.

काही लोक म्हणाले, आप्पांनी स्वतःच्या गरजेसाठी बाईला पुढे केलं. डोळे गेल्याचं हळूहळू सगळ्यांना कळलंच होतं. मीही त्याचा विचार केला. खरंच असेल. त्यांचे डोळे चांगले असते तर मी आजही नुसता चहाच करत असते. पण मला त्यात कमीपणा वाटत नाही. माझी गरज पडली, आणि गरज आहे हे त्यांनी लपवलं नाही, याचंच मला अप्रूप वाटतं. वडिलांनाही माझी गरज होती. पण त्यांनी खूण शिकवली, म्हणजे मला बोलावं लागू नये. आप्पांनी खूण बंद केली. दोघांचीही माया होती.

पुढे दोन वर्षांनी दोरा तर सोडाच, वायसरही त्यांना दिसेनात. ते नखाने जाडी ओळखायचे. नंतर माणसंही आवाजावरून ओळखू लागले. मी सांडशी धरून चहा आणला की पावलावरून मला ओळखून, वासावरून म्हणायचे, “आज च्यामा आलं जास्ती शे.” आणि खिसा चाचपायचे. मला पाना धरायला, साबणाचा फेस लावून गॅसची गळती बघायला, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून ओळखायला त्यांनीच शिकवलं, सगळं बोटांनी. झाडायला दुसरी बाई आली.

मागच्या माघात त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. तो बडोद्याला नोकरीला. आप्पांची बायको आधीच गेलेली, घरात एकटे पडायचे, एकदा मोरीत घसरले होते. दुकान युनूसभाईंनी चालवायचं ठरलं. मुलगा भला माणूस आहे, बापाला हौसेने नेत होता. निघायच्या आधी आप्पांनी गाडी दुकानावर घ्यायला लावली.

मी चहा केला. हे काम आता माझं नव्हतं, पण त्या दिवशी मीच केला. आप्पांनी कप घ्यायच्या आधी खिशात हात घातला आणि दोऱ्याचं रीळ काढून माझ्या हातावर ठेवलं. अर्धं संपलेलं. “आज हाईच शे खिसामा,” म्हणाले. मग चहा प्याले, बशीत ओतून, सावकाश.

मुलाने गाडी चालू केली. एसी लावला तशी पट्ट्याने बारीक किंकाळी मारली आणि गप्प झाला. मुलाचं लक्षही नव्हतं. आप्पांनी हात वर केला. “थांब.”

“बाबा, एवढा आवाज येतोच. तिकडे गेल्यावर दाखवू.”

“बंद कर. बॉनेट उघड.”

पट्टा थोडा ढिला होता. युनूसभाईंनी बोल्ट सोडून ताण दिला आणि कसला. पाच मिनिटांचं काम. मुलगा बॉनेट लावायला पुढे झाला, तर युनूसभाईंनी त्याला हाताने अडवलं. “साहेब, बोल्टले हात लागना. आते मीटरबाई बोलतीन तव्हय गाडी उतरी.”

आप्पा उठले. चपला काढल्या. चाचपत गाडीपाशी आले. “दोरा आते तुन्हा शे,” मला म्हणाले. “एक टोक माले दे.”

मी रिळाचा दोरा सोडला. त्यांचं टोक त्यांच्या चिमटीत दिलं, बोट पुलीच्या कडेला टेकवून दिलं. माझं मी धरलं. ताणला आणि वाकले.

दोरा चारही ठिकाणी टेकला होता. उजेड कुठेच नव्हता.

“काय व माय?”

 मनात आलं, नाही म्हणावं. बराबर नाही म्हटलं तर युनूसभाई बोल्ट सोडतील, वायसर शोधतील, पुन्हा दोरा, पुन्हा मी नाही म्हणेन. दुपार होईल. आप्पा ओट्यावर बसतील, मी आणखी एक चहा करीन. आणि खरं काय ते कोणाला कळणार? मुलाला यातलं काही समजत नव्हतं. युनूसभाई दुसऱ्या बाजूला उभे होते. आप्पांना तर दिसतच नव्हतं. त्यांच्याजवळ माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

आप्पांनी घाई केली नाही. अनवाणी उभे होते, मान थोडी कलती, कान माझ्याकडे.

“बराबर शे!” मी म्हटलं. इतक्या जोरात, की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने वर पाहिलं.

 आप्पांनी दोरा सोडला नाही. मग माझ्या बोटांना हिसका जाणवला. एक. मी थांबले. दुसरा आला नाही.

त्यांनी टोक सोडलं आणि पायाने चपला शोधायला लागले. मी वाकून त्या त्यांच्या पायापुढे सरकवल्या.